‘व्हॉट अ कार्टून!’ : पायलट म्हणायचे की लघुपट?

‘व्हॉट अ कार्टून!’ म्हणजे कार्टून नेटवर्क वाहिनीवर १९९५ पासून दाखवलेला छोट्या, स्वतंत्र कार्टूनांचा संच. त्याचे नाव निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यातून मालिका किती निघाल्या? मग ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’, ‘जॉनी ब्राव्हो’, ‘पॉवरपफ गर्ल्स’ ही नावे भराभर मोजली जातात. ती बरोबरच आहेत. पण ४८ कार्टूनपैकी बहुतेकांची मालिका कधीच झाली नाही, आणि केवळ मालिकांच्या हिशेबाने पाहिले तर ती वाया गेली असे म्हणावे लागते. हा हिशेब नंतर लावला गेला. सुरुवात वेगळ्या विचाराने झाली होती.

दिवसभर कार्टून दाखवणारी ही वाहिनी अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा सगळा भार जुन्या संग्रहावर होता. तिच्या मालकाने आदल्याच वर्षी हॅना-बार्बेरा हा नावाजलेला पण थकलेला स्टुडिओ विकत घेतला होता. त्या स्टुडिओच्या प्रमुखपदी आलेला माणूस, फ्रेड सायबर्ट, ॲनिमेटर नव्हता. एमटीव्ही या संगीतवाहिनीची ओळख घडवण्याच्या कामातून तो आला होता. त्याच्या कारकिर्दीत १९९३ मध्ये ‘टू स्टुपिड डॉग्ज’ ही मालिका आली, पण चालली नाही. सगळा पैसा एकाच घोड्यावर लावण्याचा धोका त्याला दिसला. त्यापेक्षा चित्रपटगृहांच्या काळात निघत तशी सात-सात मिनिटांची स्वतंत्र कार्टून काढावीत, प्रत्येक वेगळ्या कल्पनेचे आणि वेगळ्या हाताचे, असे त्याने ठरवले.

त्यातली सर्वांत मोलाची अट स्टोरीबोर्डची होती. इथे टाइप केलेली संहिता चालत नसे. कलाकाराने चौकटी काढायच्या, भिंतीवर ओळीने टाचायच्या आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत, पात्रांचे आवाज काढत, धडपडीच्या आवाजांसकट गोष्ट करून दाखवायची. विनोद चित्रात नसेल तर तो तिथेच उघडा पडतो. ‘डेक्स्टर’चे पहिले कार्टून ‘चेंजेस’ आजही पाहा : भाऊ आणि बहीण एका यंत्राने एकमेकांना प्राणी बनवत सुटतात, आणि सगळी गंमत पुढच्या क्षणी कोणता आकार येणार यात आहे. ते कागदावर लिहून कुणाला हसवता आले नसते.

या पोतडीत नवखे होते तसे मुरलेलेही होते. ‘टॉम अँड जेरी’च्या दोन्ही जन्मदात्यांनी उतारवयात यासाठी स्वतंत्र कार्टून केली. दुसरीकडे, १९९२ च्या एका विद्यार्थिपटातल्या तीन मुली इथे ‘पॉवरपफ गर्ल्स’ झाल्या. मूळ नावात आणि त्यांना शक्ती देणाऱ्या डब्यावर एक शिवराळ शब्द होता. मुलांच्या वाहिनीवर तो चालणार नव्हता, म्हणून डब्याच्या जागी ‘केमिकल एक्स’ आले. पहिले प्रसारण २० फेब्रुवारी १९९५ ला झाले ते याच मुलींच्या कार्टूनने.

आता ‘पायलट’ या शब्दाकडे. पायलट म्हणजे मालिका विकण्यासाठी केलेला नमुना. तो प्रसारित झालाच पाहिजे असे नसते. ही कार्टून मात्र दाखवण्यासाठीच केलेली होती, शीर्षकफलकासह, पूर्ण. ‘द चिकन फ्रॉम आउटर स्पेस’ला तर ऑस्करचे नामांकन मिळाले. परग्रहावरची कोंबडी, तिची अंडी आणि जवळजवळ मुका भित्रा कुत्रा : गोष्ट तिथेच संपते, तिला पुढचा भाग लागत नाही. त्या कुत्र्याची ‘करेज’ मालिका आली ती थेट १९९९ मध्ये. मग त्या सात मिनिटांना पायलट कसे म्हणायचे?

वाहिनीची बाजूही समजण्यासारखी आहे. तिला जुन्या संग्रहापलीकडचे स्वतःचे चेहरे हवे होते. प्रेक्षकांचा कौल घेतला गेला, ‘डेक्स्टर’ला पसंती मिळाली, १९९६ मध्ये मालिका सुरू झाली, आणि तिथून प्रत्येक नव्या कार्टूनकडे उमेदवार म्हणून पाहिले जाऊ लागले. कार्यक्रमाची नावेही तेच सांगतात. सुरुवातीचे ‘वर्ल्ड प्रीमियर टून्स’ म्हणजे पहिला खेळ, जणू चित्रपटच. मग ‘व्हॉट अ कार्टून!’, आणि २००० मध्ये ‘द कार्टून कार्टून शो’, जे नाव वाहिनीच्या स्वतःच्या मालिकांना लावल्या जाणाऱ्या ‘कार्टून कार्टून्स’ या छापावरून आले. त्याच वर्षी उघड मतदान झाले : जिंकेल त्याची मालिका. ‘ग्रिम अँड इव्हिल’ जिंकले. पण हरलेल्या ‘रोबोट जोन्स’लाही २००२ मध्ये मालिका मिळालीच, म्हणजे कौल शेवटचा नव्हता. माझ्या मते मूळ कल्पना इथेच मागे पडली. स्पर्धेत उतरलेले कार्टून पात्रांची ओळख करून देण्यात अडकते; गोष्टीला धाडसी शेवट देणे त्याला परवडत नाही.

कल्पनेचा जनक सायबर्ट तोवर स्टुडिओ सोडून गेला होता. १९९८ पासून त्याने निकेलोडियन या प्रतिस्पर्धी वाहिनीवर ‘ओ या! कार्टून्स’ आणले. ९९ कार्टून झाली, त्यातून ‘फेअरली ऑडपॅरेंट्स’ निघाले. पुढच्या ‘रँडम! कार्टून्स’ या संचासाठी केलेले ‘ॲडव्हेंचर टाइम’ त्या वाहिनीने मालिका म्हणून घेतले नाही. ते कार्टून नेटवर्ककडेच गेले आणि ५ एप्रिल २०१० ला मालिका सुरू झाली. मूळ सात मिनिटांत त्यातल्या नायक मुलाचे नाव पेन आहे. फिन तो मालिकेत झाला.