'छडी आवरली तर मूल बिघडते' हे बायबलमधले वचन आहे का?

'छडी आवराल तर मूल बिघडेल, असे बायबल सांगते. म्हणून ख्रिस्ती घरात मार हवाच.' हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

हे वाक्य बायबलमध्ये नाही. ते 17व्या शतकातल्या एका इंग्रजी उपहासकाव्यातले आहे. गैरसमज होणे साहजिक आहे, कारण बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 13व्या अध्यायातली 24वी ओवी (नीतिसूत्रे 13:24) त्याच्या जवळ जाते: छडी आवरणारा मुलाचा वैरी; प्रीती करणारा वेळीच शिस्त लावतो. नीतिसूत्रांत छडीचा उल्लेख आणखीही ठिकाणी आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण एकच ओळ उचलून तिचा हुकूम करू नये. नव्या करारातली, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातली, दोन पत्रे सलग वाचा. इफिस 6:4 बापांना बजावते, मुलांना चिडवू नका, प्रभूच्या शिस्तीत व बोधात वाढवा. कलस्सै 3:21 कारणही देते: ती खिन्न होतील. मुलाच्या मनाची ही काळजी मला फार मोलाची वाटते, आणि संदेशात नेमकी तीच गळते.

मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांमधल्या, शिस्तीचेही तसेच. 'चुकला की सर्वांसमोर उभा करा' असे मत्तय 18:15-17 म्हणत नाही. आधी एकट्याने, एकांतात बोला. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्या, मंडळीला त्यानंतरच सांगा. पुढे 2 करिंथ 2:7 शिक्षा झालेल्याला क्षमा करून धीर द्यायला सांगते, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल.

पडताळणीसाठी घरातले मराठी बायबल पुरे. संदेशात अध्याय आणि ओवी दिली आहे का पाहा. असेल तर मागचापुढचा मजकूरही वाचा.