दुसरं लेकरू चढलं की

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घरचे सगळे लातूर-औसा रस्त्यालगतच्या एका शेतावर हुरडा खायला गेलो होतो. गोवऱ्यांची आगटी, गुळभेंडीची कणसं, जवसाची चटणी, घट्ट दही, असा सगळा थाट. लेकरांचं लक्ष मात्र आगटीकडे नव्हतंच. आंब्याखाली १० फुटी ट्रॅम्पोलिन, म्हणजे चौकटीला स्प्रिंगांनी ताणून बांधलेलं उड्या मारायचं कापड, मांडलं होतं आणि मी मोजली तेव्हा त्यावर सात लेकरं होती. आठवे आमचे दाजी. वजन ७५ किलो, हौस त्याहून जास्त. "लेकरं उड्या मारायलेत, मारू द्या की," म्हणत तेही चढले. पाचव्या की सहाव्या उडीला माझी साडेतीन वर्षांची भाची दाजींच्या शेजारून अशी वर गेली, की आगटीपाशी बसलेल्या बायकांनी "अगं बाई" म्हणून हातातली कणसं खाली टाकली. खाली आली ती पाय धरूनच बसली. हाड मोडलं नव्हतं. दोन दिवस लंगडली आणि विसरली.

परतताना गाडीत बहिणीनं विषय काढला. "दादा, शेतातल्या घरापुढं असलंच एक घ्यावं म्हणून हे म्हणायलेत. घ्यावं का नको? तू सायन्स शिकवतोस, तूच सांग."

तिथल्या तिथं "नको" म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण ते उत्तर पुरतं खरं नव्हतं.

आम्ही लहान होतो तेव्हा आमचं ट्रॅम्पोलिन म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत घरातली एक खोली आढ्यापर्यंत भरलेली असायची. गाडीत कापूस भरताना तो तुडवायला मुद्दाम लेकरांनाच चढवायचे. माळवदाच्या कडेवरून त्या ढिगात किती उड्या मारल्या असतील त्याचा हिशेब नाही, आणि कुणाला खरचटल्याचंही आठवत नाही. पडण्यात मार नसतो, मार थांबण्यात असतो. हिशेब सोपा आहे. जितक्या उंचीवरून पडलात त्याला थांबायला मिळालेल्या अंतरानं भागा, म्हणजे अंगावर सरासरी किती पट झटका बसला ते कळतं. दीड मीटरवरून कापसात पडलं आणि अंग अर्धा मीटर आत रुतलं, तर झटका आपल्या वजनाच्या तिप्पट. तेवढ्याच उंचीवरून शहाबादी फरशीवर पडलं, तर थांबायला दोन-तीन सेंटिमीटरही मिळत नाहीत. झटका पन्नास-साठ पटींच्याही वर.

या हिशेबात ट्रॅम्पोलिन कापसाच्याच बाजूला बसतं. ताणलेलं कापड लेकराला चांगलं खाली घेतं, हळूहळू थांबवतं. नासाच्या शास्त्रज्ञांनी १९८० साली याची मोजणीच प्रसिद्ध केली होती. अंतराळवीरांचे स्नायू परत कसे घडवायचे हा त्यांचा प्रश्न. धावताना घोट्याला बसणारा धक्का पाठीला आणि कपाळाला बसणाऱ्या धक्क्याच्या दुपटीहून जास्त भरला. ट्रॅम्पोलिनवर तिन्ही ठिकाणचे धक्के जवळपास सारखे आले. म्हणजे कापडाच्या मधोमध एकटं लेकरू सरळ उड्या मारत असेल, तर त्याच्या गुडघ्यांना ते अंगणातल्या फरशीपेक्षा मऊच.

फरक पुढं आहे. कापूस तुमची ऊर्जा गिळतो. तंतू तंतूवर घासतात, थोडी उष्णता होते, संपलं. ट्रॅम्पोलिन गिळत नाही, ठेवून घेतं. दहा फुटी चौकटीला पन्नासच्या आसपास स्प्रिंगा असतात. त्या ताणल्या की ऊर्जा त्यांच्यात साठते आणि क्षणभरानं परत मिळते. कुणाला परत मिळते? तर त्या क्षणी कापडावर ज्याचे पाय टेकलेले असतील त्याला. ती ऊर्जा कुणी ठेवली होती, याच्याशी कापडाला देणंघेणं नाही.

आता दाजींचा हिशेब करू. ७५ किलोचा माणूस अर्धा मीटर उंच उडून कापडावर आला. तेवढीच ऊर्जा १५ किलोच्या लेकराला मिळाली तर ते किती उंच जाईल? वजन पाचपट कमी, म्हणून उंची पाचपट जास्त: अडीच मीटर. सगळी ऊर्जा कधीच जात नाही, हे खरं. नुसती पाव गेली तरी साठ-पासष्ट सेंटिमीटरची उडी, आणि तीही लेकरानं स्वतः न मारलेली. अशा उडीत हातपाय कुठं आहेत याचा त्याला पत्ता नसतो.

हे घरी बघायचं असेल तर फुटबॉलवर टेनिसचा चेंडू ठेवा आणि दोन्ही एकदम सोडा. फुटबॉल जागेवरच मलूल होतो आणि टेनिसचा चेंडू छताला लागतो. वर्गात हा प्रयोग मी ट्यूबलाइट नसलेल्या कोपऱ्यात करतो, एकदा नुकसान झाल्यापासून. खालचा चेंडू वरच्याहून फारच जड असला आणि ऊर्जेची गळती नसली, तर गणितानं वरचा चेंडू मूळ उंचीच्या नऊपट जायला हवा. प्रत्यक्षात तेवढा जात नाही, पण दोन-तीनपट सहज जातो.

याहून वाईट प्रकार उडण्यात नाही, उतरण्यात आहे. लेकरू खाली येतंय आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या उडीनं ताणलेलं कापड वर येतंय. खाली येणारे पाय आणि वर येणारं कापड यांचे वेग एकमेकांत मिळतात. लेकरू पडलेलंच नसतं, दोन्ही पायांवर नीट उभं असतं, तरी गुडघ्याखालचं नडगीचं हाड तडकतं. १९८६ साली अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून त्याला ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर असंच नाव पडलं. ते होतं ते बहुतेक सहा वर्षांखालच्या लेकरांना, आणि बहुतेक वेळा सोबत कुणीतरी जड असतं. लहान हाड मोठ्यांच्या हाडासारखं काडकन मोडत नाही, तुरीच्या ओल्या काडीसारखं दबतं, वाकतं. म्हणून सूज कमी दिसते आणि घरात "मुरगळलंय, हळद लाव" होतं. लेकरू पाय टेकवायला तयारच नसेल तर हळद बाजूला ठेवून एक्स-रे काढावा. भाचीचा आम्ही दुसऱ्या दिवशी काढला, खरं तर त्याच संध्याकाळी काढायला हवा होता.

अमेरिकेत ही वस्तू घराघराच्या अंगणात आहे, त्यामुळे मोजदादही तिथलीच. तिचा जन्मही तिथला. जॉर्ज निसन या जिम्नॅस्टनं सर्कशीतले झोकेवाले शेवटी जाळीत पडून उसळतात ते पाहिलं आणि १९३० च्या दशकात आयोवात प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या सोबतीनं पहिलं ट्रॅम्पोलिन बांधलं. नाव स्पॅनिशमधलं, अर्थ सूर मारायची फळी. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो खेळ म्हणून आला. पण एकीकडे तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, १९७७ पासून याविरुद्ध बोलत आली आहे. २००९ या एका वर्षात तिथं ट्रॅम्पोलिनमुळे सुमारे ९८ हजार दुखापती झाल्या. संघटनेनं २०१२ साली उपलब्ध अभ्यास एकत्र मांडून घरगुती ट्रॅम्पोलिन वापरूच नये असा सल्ला दिला. त्या कागदातले तीन आकडे मी बहिणीला वाचून दाखवले. दुखापतींपैकी सुमारे ७५ टक्के वेळा कापडावर एकाहून जास्त जण होते. त्यांच्यातल्या सगळ्यात लहानग्याला दुखापत व्हायची शक्यता जड सोबत्याच्या १४ पटींपर्यंत. आणि तिसरा हिस्सा ते निम्म्या दुखापती मोठं माणूस लक्ष ठेवून असताना झालेल्या.

हा तिसरा आकडा दाजींना पटेना. "मी समोर उभा असल्यावर कसं लागंल?" उभं राहून करणार काय? कापड उसळतं ते सेकंदाच्या काही दशांशांत. डोळ्यांनी बघून हात पुढं करेपर्यंत लेकरू वर जाऊन खालीही आलेलं असतं. पाहणाऱ्याचं खरं काम त्याच्या आधीचं: दुसऱ्याला चढू न देणं. ते सोडून आपण मोबाइलवर व्हिडिओ काढत उभे असतो.

ट्रॅम्पोलिनभोवती उभी लावतात त्या जाळीचंही तसंच. जाळी असावीच, आणि ती स्प्रिंगांच्या आतल्या बाजूनं असावी, म्हणजे पाय स्प्रिंगांत जात नाही. पण खाली पडून झालेल्या दुखापती एकूण दुखापतींच्या २७ ते ३९ टक्के. उरलेल्या बऱ्याचशा कापडावरच होतात: एकमेकांवर आदळून, वेडंवाकडं उतरून. तिथं जाळी काय करणार? उलट जाळी दिसली की आपण निर्धास्त होऊन आणखी चार लेकरं आत सोडतो. स्प्रिंगांवरची फोमची पट्टी मात्र फाटली की लगेच बदलावी. स्प्रिंगा आणि चौकट लागून झालेल्या दुखापती २० टक्क्यांपर्यंत जातात.

कोलांटउडीबद्दल मी घासाघीस करत नाही. शिकवणारा प्रशिक्षक नसेल तर नाही म्हणजे नाही. लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, मान बारीक. उलटं पडताना सगळं वजन वाकलेल्या मानेवर येतं. ट्रॅम्पोलिनच्या दर २०० दुखापतींत एक मज्जासंस्थेचं कायमचं नुकसान करून जाते, आणि त्यात मानेच्या दुखापती येतात. कुणी मानेवर पडलंच तर उचलून कडेवर घेऊ नये, पाणी पाजायला बसवू नये. आहे तसं निजू द्यावं, डोकं हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. आपल्याकडे अशा वेळी चार जण धावत येऊन लेकरू उचलतात आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेतात. तेवढं टाळा.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही गावाला लागू. पण बहिणीचं शेत काळ्या रानातलं आहे, आणि बाहेरच्या देशातलं माहितीपत्रक काळ्या रानाबद्दल काही सांगत नाही. आपली माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्येष्ठात सपाट मांडलेली चौकट श्रावणात एका पायानं रुतलेली असते. कापड तिरपं झालं की प्रत्येक उडी लेकराला उताराच्या कडेला ढकलते. पाय जमिनीत धरून ठेवायला ठोकलेल्या खुंट्या पावसाळ्यात घट्ट बसतात आणि भेगा पडल्या की दातासारख्या हलायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत वळवाचं वारं सुटतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. कोठ्यावरचे पत्रे उडवणाऱ्या वाऱ्याला जाळीसकट उभं असलेलं ट्रॅम्पोलिन म्हणजे आयतं शीड.

मग खड्डा करून जमिनीच्या पातळीला बसवावं का? पडायची उंची वाचते, म्हणून कल्पना चांगली. मुरमाड माळावर जमेल. काळ्या रानात त्या खड्ड्याचं शेततळं होईल आणि कडा ढासळतील. चहूबाजूंनी भिंत बांधून पाण्याला वाट काढायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

दुसरा वैरी ऊन. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही: त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण अडवते, नाहीतर प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटून नळी तडकते. हिरवी शेडनेट काही उन्हाळ्यांनी कशी हातात येते तेही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ट्रॅम्पोलिनची जाळी, दोरे, शिवण सगळं त्याच कुळातलं. दर काही महिन्यांनी जाळी दोन्ही मुठींत धरून जोरात ताणावी. दोरे कुरकुरले किंवा भुगा हाताला लागला तर ती जाळी लेकराला अडवणार नाही. आणि मे महिन्यातल्या दुपारी काळं कापड तव्यासारखं तापतं. आधी हाताचा पंजा टेकवून बघावा, मग पोरांचे अनवाणी पाय.

बहिणीच्या शेतात ट्रॅम्पोलिनहून मोठी काळजी वेगळीच आहे, ती मी तिला आधी सांगितली. घरापासून साठ पावलांवर विहीर आहे आणि तिला कठडा नाही. कठड्याचे पैसे पहिले, ट्रॅम्पोलिनचे नंतर, एवढं दाजींनी कबूल केलं. मोटारसायकलच्या टाकीवर लेकरू बसवायचं बंद करा, हे अजून कबूल व्हायचं आहे.

बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं "नको" मला समजतं. कापडावर एका वेळी एकच जण, हा नियम लिहायला सोपा आणि अंगणात पाळायला अवघड आहे, हे त्यांनी हजारो एक्स-रे पाहून ओळखलेलं आहे. ज्या घरी सुट्टीत दहा-बारा भाचरं-पुतणे गोळा होतात आणि कुणीच कुणाला नाही म्हणू शकत नाही, त्या घराला मीही नकोच म्हणेन. हुरडा पार्टीच्या ठिकाणी तर आपलं लेकरू सरळ उतरवून घ्यावं, लोक काय म्हणतील ते म्हणोत. बहिणीची गोष्ट वेगळी होती. चढणारी पोरं दोनच, एक नऊ वर्षांचं, एक सात, आणि आई कडक.

घेतलं शेवटी. विहिरीचा कठडा झाल्यावर, मार्चमध्ये. भिंतीपासून आणि आंब्याच्या फांदीपासून दूर, मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेवर, भोवती फरशी नाही. खुंट्यांऐवजी चारी पायांना वाळूची पोती बांधली. मेच्या पहिल्या आठवड्यात वळीव यायच्या आत कापड आणि जाळी उतरून कोठ्यात गेली. दाजींना चढायला बंदी आहे, ती त्यांनी दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा बहिणीनं उतरवलं.

सहा वर्षांखालच्यानं चढायचं नाही, या नियमात भाची अडकली. त्यावर तिला मोजायचं काम दिलं आहे. पन्नास उड्या झाल्या की एकानं उतरायचं, दुसऱ्यानं चढायचं. तिला आकडे बारापर्यंतच येतात, म्हणून ती चार वेळा बारा मोजते. राहिलेल्या दोन उड्यांवरून रोज भांडण होतं.