रेम्ब्रांटच्या भावमुद्रा

डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–६९) याने १६३० साली लायडन येथे स्वतःचाच चेहरा समोर ठेवून केलेली काही छोटी अम्लरेखने (एचिंग), म्हणजे अम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रे. यांत तो कुठे दात दाखवून हसतो, कुठे कपाळाला आठ्या घालतो, तर कुठे ओरडल्यासारखा तोंड वासतो. तेव्हा त्याचे वय जेमतेम चोवीस होते.

यांतले सर्वांत गाजलेले चित्र डोळे विस्फारलेल्या, टोपी घातलेल्या रेम्ब्रांटचे. उंची जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीएवढी. ओठांचा चंबू झालेला, टोपीखालून केस विस्कटून बाहेर आलेले, आणि खांदे कडेला कापले गेल्याने चेहरा अगदी अंगावर आल्यासारखा वाटतो. कशाने दचकला, हे मात्र चित्रात कुठेच नाही.

असा क्षण पकडता आला तो तंत्रामुळेही. कोरणीने धातू खोदायचा तर मनगटाचा जोर लागतो आणि रेघ शिस्तीत चालते. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेणमिश्रित लेप देतात. सुई फक्त तो लेप खरवडते, धातू खाण्याचे काम अम्ल करते. त्यामुळे हात बोरूसारखा मोकळा फिरतो. शिवाय आरशातली उलटी प्रतिमा पत्र्यावर काढली की ठशात ती पुन्हा उलटते. म्हणजे कागदावरचा रेम्ब्रांट इतरांना दिसे तसाच, सुलट आहे.

ही चित्रे म्हणजे त्याच्या मनाची रोजनिशी असे पुष्कळदा म्हटले जाते, पण ते फारसे पटत नाही. हा आरशापुढचा सराव होता. कॉन्स्टँटाइन हॉयखेन्स या मुत्सद्द्याने त्याच सुमारास येशूचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याच्या, पश्चात्तापदग्ध ज्यूडासच्या, रेम्ब्रांटने काढलेल्या चित्रातील (१६२९) भावदर्शनाची तोंडभरून स्तुती केली होती. ते कसब अशाच सरावातून येते. रेम्ब्रांटचा शिष्य साम्युएल व्हान होखस्ट्राटन यानेही पुढे १६७८ च्या आपल्या ग्रंथात चित्रकारांना आरशापुढे स्वतःच नट आणि प्रेक्षक व्हायला सांगितले. नेदरलँड्समध्ये अशा मुखाभ्यासांना ‘ट्रोनी’ म्हणत. त्यात चेहरा कोणाचा याला महत्त्व नसे. पॅरिसमध्ये फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रं याने १६६८ च्या व्याख्यानात भावनांचे जे पद्धतशीर वर्गीकरण मांडले, तसले साचे इथे नाहीत.

ओरडल्यासारखा तोंड वासलेला रेम्ब्रांटचा तो चेहरा १६३० च्याच आणखी एका अम्लरेखनात सापडतो. तिथे तो उंचवट्यावर बसून हात पुढे करणाऱ्या, फाटक्या कपड्यांतल्या भिकाऱ्याचा झाला आहे.