पावणं, जरा सरकून घ्या की!

रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या मिसळीच्या हॉटेलात पाच जणांनी एकदम शिरून बघा. जागा असते, पण इथं एक, तिथं दोन. पाचही जणांना एकाच बाकावर बसायचं असेल तर मालकाला ओरडावं लागतं, "पावणं, जरा सरकून घ्या की!" बीबीसी मायक्रोच्या फ्लॉपीची तऱ्हा अगदी हीच.

ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक १९८१ चा. केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून १९८४ पासून तो आपल्याकडच्या शाळांत आला, आमच्याही. फ्लॉपीच्या एका बाजूवर ४० ट्रॅक (गोल पट्टे), ट्रॅकवर १० सेक्टर (पट्ट्याचे तुकडे), सेक्टरात २५६ बाइट. सगळा संसार १०० किलोबाइटांत. पहिले दोन सेक्टर म्हणजे हजेरीपट. फायलीचं नाव (सातच अक्षरं), तिची लांबी आणि ती कुठल्या सेक्टरपासून सुरू होते, अशी नोंद. ३१ नावं झाली की पट भरला, मग बाकीची डिस्क ओस पडलेली का असेना.

'जुन्यावर नवं लिहिलं' असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तसं होतच नसे. त्याच नावानं सेव्ह केलं की मशीन एका शब्दानं न विचारता पटावरचं जुनं नाव काढायचं आणि नवा प्रोग्रॅम मावेल अशी सलग जागा शोधायचं. प्रोग्रॅम थोडा लांबला असेल तर तो भलतीकडेच जाऊन बसायचा आणि मागं भोक राहायचं. आठवडाभरात डिस्कची चाळण. बेरजेनं जागा भरपूर, सलग मात्र नाही. पडद्यावर 'डिस्क फुल'.

कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती संगणकवाल्यांना हा त्रास नव्हता. त्यांच्या १५४१ ड्राइव्हमध्ये प्रत्येक ब्लॉकचे (म्हणजे सेक्टरचे) पहिले दोन बाइट पुढच्या ब्लॉकचा पत्ता सांगत, म्हणून फाइल विखुरलेली चाले. नावाआधी '@' लावून सेव्ह केलं तर आधी नवी फाइल लिहिली जाई, मगच जुनी सुटे. कागदावर हे जास्त शहाणपणाचं. पण ड्राइव्हच्या आतल्याच प्रोग्रॅममध्ये चूक होती आणि कधीमधी फायलींची खिचडी व्हायची.

आमच्या बीबीसीवर फायली सरकवून एकत्र करायचा हुकूम होता 'स्टार कॉम्पॅक्ट' (*COMPACT). पेपरात रोज येणारी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी घालून आलेख काढणारा माझा प्रोग्रॅम तयार होता. सेव्ह केलं, 'डिस्क फुल'. म्हटलं, सरकवू या की. ड्राइव्ह घरघरला, थांबला. पुन्हा सेव्ह करण्याआधी सहज प्रोग्रॅमच्या ओळी बघायला 'लिस्ट' दाबलं, तर उत्तर आलं, 'बॅड प्रोग्रॅम'.

फायली सरकवायला मशीनला हातात धरायची जागा लागते आणि ती ते मेमरीतूनच घेतं, जिथं माझा सेव्ह न झालेला प्रोग्रॅम बसला होता. पाव्हण्यांना जागा करताना घरधन्यालाच बाहेर काढलं! आधी दुसऱ्या फ्लॉपीवर, नाहीतर 'स्टार टेप' म्हणून कॅसेटवर तो ठेवला असता तर वाचला असता. वहीत निम्म्याच ओळी उतरवल्या होत्या. उरलेल्या पुन्हा सुचेपर्यंत पूर ओसरला होता.