मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेताय? आधी बोर्ड ऑफ हेल्थमधली फाइल बघा

बॉस्टनच्या आसपास घर शोधताना आपली माणसं शाळांचं रेटिंग पाठ करतात, ट्रेन स्टेशन किती मिनिटांवर आहे ते मोजतात, किचनमध्ये गॅस आहे की इलेक्ट्रिक हेही विचारतात. संडास-बाथरूमचं पाणी जातं कुठे, हे मात्र फार कमी जण विचारतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो. वेस्टफोर्ड, सडबरी, कार्लाइल अशा गावांमध्ये बहुतेक घरांना सार्वजनिक गटारजोडणी नाही. सगळं सांडपाणी आपल्याच अंगणात मुरतं आणि त्यावर लक्ष असतं गावच्या बोर्ड ऑफ हेल्थचं. या बोर्डाची परवानगी कधी लागते, कोणाला सूट आहे, कागद कोणते लागतात आणि भाडेकरूंना याच बोर्डाचा काय उपयोग, ते पुढे सांगतो.

बोर्ड ऑफ हेल्थ म्हणजे नेमकं कोण

मॅसॅच्युसेट्समध्ये 351 शहरं आणि गावं आहेत आणि सार्वजनिक आरोग्याचे नियम राबवण्याचं काम प्रत्येकाच्या स्थानिक आरोग्य यंत्रणेकडे आहे. छोट्या गावात बोर्डाचे सदस्य बहुधा तीन किंवा पाच, कुठे निवडून आलेले, कुठे नेमलेले. रोजचं काम पगारी हेल्थ एजंट बघतो. तुमचा संबंध येणार तो त्याच्याशीच.

अंगणातच सांडपाणी मुरवणाऱ्या या व्यवस्थेला सेप्टिक म्हणतात आणि तिचे राज्यस्तरीय नियम म्हणजे टायटल फाइव्ह. पर्यावरण खात्याचे हे नियम आजच्या स्वरूपात 1995 सालापासून लागू आहेत. पण टायटल फाइव्ह ही किमान पातळी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या 111 व्या प्रकरणातलं कलम 31 स्थानिक बोर्डाला त्याहून कडक नियम करायची मुभा देतं आणि बरीच गावं ती वापरतात. म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राने सांगितलं, "आमच्याकडे चालतं", तर ते ऐकून घ्यावं आणि आपल्या बोर्डाचे नियम काढून वाचावेत.

जमिनीखाली काय असतं

घरातून निघालेला एकच पाइप टाकीत येतो. जड मैला तळाशी बसतो, तेल-तूप वर तरंगतं, मधलं पाणी पुढच्या डी-बॉक्समध्ये जातं आणि तिथून समान वाटणी होऊन लीच फील्डमध्ये, म्हणजे शोषक्षेत्रात, मुरतं. पाणी खरं शुद्ध होतं ते तिथल्या मातीत. म्हणूनच भूजल आणि शोषक्षेत्र यांच्यात किमान 4 फूट कोरडी माती लागते. पाणी फारच पटकन मुरत असेल, म्हणजे इंचाला 2 मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ लागत असेल, तर 5 फूट. पिण्याची खासगी विहीर शोषक्षेत्रापासून 100 फूट आणि टाकीपासून 50 फूट लांब हवी. नवीन टाकी किमान 1,500 गॅलनची, म्हणजे साधारण 5,700 लिटरची.

सगळा हिशेब बेडरूमवर

घरात किती माणसं राहतात किंवा किती बाथरूम आहेत, हे टायटल फाइव्ह विचारत नाही. ते बेडरूम मोजतं. प्रत्येक बेडरूममागे दिवसाला 110 गॅलन सांडपाणी धरायचं आणि त्यावरून यंत्रणेची क्षमता ठरवायची. तीन बेडरूमला 330, चारला 440.

घोळ होतो तो इथेच. जाहिरातीत चार बेडरूम असतात आणि बोर्डाच्या फाइलमध्ये परवानगी तीनचीच असते. मधल्या काळात कोणीतरी तळघरात किंवा गॅरेजवर एक खोली वाढवलेली असते. जाहिरात एजंट लिहितो, परवानगी बोर्ड देतं. अशा घराला चार बेडरूमचे पैसे मोजण्याआधी नीट विचार करा.

बेडरूम कशाला म्हणायचं हेही नियमात लिहिलेलं आहे: खासगीपणा देणारी, मुख्यतः झोपण्यासाठी असलेली, किमान 70 चौरस फुटांची खोली. उंची, खिडकी, वीज आणि हवा येण्याच्या अटीही असतात. तुम्ही तिला 'ऑफिस' किंवा 'देवघर' म्हणा, दार आणि खिडकी असलेली बंद खोली हेल्थ एजंटच्या नजरेला बेडरूमच दिसणार. दार काढून मोठी मोकळी चौकट ठेवली, तर बरेच एजंट मान्य करतात. काही गावं मात्र 'या घरात अमुक इतक्याच बेडरूम राहतील' अशी अट खरेदीखताला जोडून नोंदवून घेतात. ती अट पुढच्या मालकालाही लागू असते.

आणखी एक नियम मोठी घरं घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. बाथरूम, पॅसेज, अपूर्ण तळघर आणि हीटिंग नसलेल्या साठवणीच्या जागा सोडून घरात आठपेक्षा जास्त खोल्या असतील, तर एकूण खोल्यांना दोनने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. अकरा खोल्यांच्या घरात पाच बेडरूम गृहीत धरल्या जातात, प्रत्यक्षात पलंग चारच असले तरी.

आई-बाबांसाठी वेगळं छोटं घर बांधायचा विचार बऱ्याच घरांत सुरू असतो. 2 फेब्रुवारी 2025 पासून एककुटुंबी झोनमध्ये 900 चौरस फुटांपर्यंतचं किंवा मूळ घराच्या निम्म्या क्षेत्रफळाचं, यातलं जे कमी असेल तेवढं जोडघर झोनिंगच्या विशेष परवान्याशिवाय बांधता येतं. पण त्याच कायद्यात टायटल फाइव्ह लागू राहील असंही म्हटलेलं आहे. त्या घरातली बेडरूम तुमच्या एकूण बेडरूममध्ये मिळवली जाते. यंत्रणेची क्षमता पुरत नसेल, तर आधी जमीन खणा, मग भिंती उभ्या करा.

पहिला अर्ज: फाइल दाखवा

ऑफर देण्याआधी टाउन हॉलमधल्या बोर्डाच्या कार्यालयाला घराचा पत्ता द्या आणि सेप्टिकची फाइल मागा. हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत, तुम्ही मालक असण्याची गरज नाही. काही गावांनी ते ऑनलाइनही टाकलेत. फाइलमध्ये मूळ आराखडा, बांधकाम परवाना, काम झाल्यावरचा 'ॲज-बिल्ट' नकाशा, पूर्तता प्रमाणपत्र, आधीचे तपासणी अहवाल आणि टाकी उपसल्याच्या नोंदी मिळायला हव्यात. पहिल्यांदा बेडरूमचा आकडा बघा, मग वर्ष. खासगी विहीर असेल तर तिची फाइलही इथेच मिळते, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये खासगी विहिरींचे नियम प्रामुख्याने स्थानिक बोर्डाच्याच हातात आहेत.

विक्रीच्या वेळची तपासणी

घर विकण्याआधीच्या 2 वर्षांत सेप्टिकची तपासणी झालेली हवी. टाकी दरवर्षी उपसली असेल आणि त्याच्या पावत्या असतील, तर तपासणी 3 वर्षं चालते. बर्फामुळे खणताच येत नसेल, तर खरेदीदाराला लेखी कळवून ती विक्रीनंतर 6 महिन्यांच्या आत करता येते. तपासणी करणारा राज्याच्या पर्यावरण खात्याने मान्यता दिलेला असावा लागतो. तुमचा नेहमीचा होम इन्स्पेक्टर त्या यादीत असेलच असं नाही. अहवाल 30 दिवसांत बोर्डाकडे जातो.

पती-पत्नी, आई-वडील आणि मुलं किंवा सख्खी भावंडं यांच्यातल्या हस्तांतराला ही तपासणी लागत नाही. जवळच्या नात्यातल्या लाभार्थ्यासाठी घर ट्रस्टमध्ये ठेवताना किंवा कर्जाचं रिफायनान्स करतानाही नाही. गेल्या 2 वर्षांत नवी यंत्रणा बसून पूर्तता प्रमाणपत्र मिळालं असेल, तरीही सूट आहे. काँडोची जबाबदारी असोसिएशनकडे: पाच किंवा जास्त युनिट असतील तर दर 3 वर्षांनी तपासणी.

निकाल चार प्रकारचे: उत्तीर्ण, सशर्त उत्तीर्ण, बोर्डाने आणखी बघण्याची गरज आणि नापास. फुटलेला डी-बॉक्स किंवा तडा गेलेली टाकी यांसारखी बदलता येणारी गोष्ट असेल, तर निकाल बहुधा सशर्त येतो. मैला घरात परत येणं, अंगणात पाणी साचून वर येणं, पाइप तुंबलेला नसतानाही वर्षात चारपेक्षा जास्त वेळा टाकी उपसावी लागणं, शोषक्षेत्र भूजलाच्या पातळीखाली असणं, यांत यंत्रणा नापास होते. विहीर शोषक्षेत्रापासून 50 ते 100 फुटांत असेल, तर पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून जिवाणू, नायट्रेट आणि इतर घटक ठरलेल्या मर्यादेत असल्याचं दाखवावं लागतं.

नापास यंत्रणेचं घर विकायला टायटल फाइव्हची बंदी नाही. दुरुस्तीला साधारण 2 वर्षांची मुदत असते. आरोग्याला तातडीचा धोका असेल तर बोर्ड ती कमी करतं. खर्च कोणी करायचा हे विकणारा आणि घेणारा आपसांत ठरवतात. बँक मात्र अडून बसू शकते. मग क्लोजिंगच्या वेळी दुरुस्तीचे पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या खात्यात, ठेवावे लागतात. तुम्ही घेणारे असाल, तर ती रक्कम ठरवताना कंत्राटदाराची लेखी किंमत हातात असू द्या. नवी यंत्रणा म्हणजे दहा-दहा हजार डॉलरच्या पटीतला खर्च, त्यात अंदाजपंचे कामाचं नाही.

नवी यंत्रणा बसवायची तर

कामाला आधी माती लागते. राज्यमान्य सॉइल इव्हॅल्युएटर खोल खड्डे खणून मातीचे थर आणि भूजलाची उंच पातळी ठरवतो, शिवाय पर्क टेस्ट घेतो, म्हणजे एक इंच पाणी मुरायला किती मिनिटं लागतात ते बघतो. बोर्डाचा माणूस तिथे हजर असावा लागतो, त्यामुळे तारीख मिळायला वेळ जातो. नव्या बांधकामात एका इंचाला 60 मिनिटांपेक्षा जास्त लागले, तर ती जागा बाद.

मग परवानाधारक इंजिनिअर किंवा सॅनिटेरियन आराखडा काढतो. अर्जासोबत साधारण हे कागद जातात: शिक्का आणि सही असलेला आराखडा, मातीचा आणि पर्क टेस्टचा अहवाल, घराच्या सगळ्या मजल्यांचे नकाशे (बेडरूम मोजण्यासाठी), मालकीचा पुरावा किंवा मालकाचं संमतिपत्र, आणि शुल्क. जवळ ओढा, तळं किंवा पाणथळ जागा असेल, तर अशा जागा जपणाऱ्या गावच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनची परवानगी वेगळी लागते. तो अर्ज आधी टाका. बोर्डाची परवानगी हातात असून या कागदापायी काम अडलेलं बऱ्याचदा दिसतं.

मंजुरी म्हणजे बांधकाम परवाना. तो 3 वर्षं चालतो. काम गावाचा परवाना असलेल्या इन्स्टॉलरनेच करायचं. माती टाकून झाकण्याआधी बोर्ड तपासणी करतं आणि सगळं नीट असलं, तरच पूर्तता प्रमाणपत्र देतं. ते मिळेपर्यंत यंत्रणा वापरता येत नाही.

जुन्या, छोट्या प्लॉटवर सगळी अंतरं बसत नाहीत. नापास यंत्रणेच्या जागी नवी बसवताना अशा वेळी बोर्ड 'लोकल अपग्रेड अप्रूव्हल' देऊन काही अंतरं कमी करू शकतं. त्याही पलीकडे सूट हवी असेल तर व्हेरिअन्स, म्हणजे शेजाऱ्यांना नोटीस आणि जाहीर सुनावणी. सुनावणीला इंजिनिअरला सोबत न्या. बोर्डाला तुमच्या अडचणीपेक्षा त्याची आकडेमोड ऐकायची असते.

केप कॉडला घर असेल, तर आणखी एक विषय आहे. सेप्टिकमधून झिरपणाऱ्या नायट्रोजनमुळे तिथल्या खाड्यांत शेवाळ माजतं, म्हणून जुलै 2023 मध्ये नियम बदलले. गावाने पाणलोटाचा परवाना (नायट्रोजन कमी करण्याच्या गावाच्या योजनेला राज्याची मंजुरी) घेतला नाही, तर तिथल्या घरमालकांवर नायट्रोजन काढणारी यंत्रणा बसवायची वेळ येते. आपल्या गावाने काय केलंय ते बोर्डाला थेट विचारा.

पैशाचं काय

तुम्ही स्वतः राहता ते मुख्य घर असेल आणि नापास यंत्रणा बदलली असेल, तर राज्याच्या आयकरात सवलत मिळते. 2023 च्या कर वर्षापासून खर्चाच्या 60 टक्के, एकूण 18,000 डॉलरपर्यंत, पण एका वर्षात जास्तीत जास्त 4,000. शेड्यूल एससी हा फॉर्म भरायचा, पूर्तता प्रमाणपत्र आणि पावत्या जपून ठेवायच्या. भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत नाही. काही गावं बेटरमेंट कर्ज देतात, ज्याचा हप्ता मालमत्ता कराच्या बिलात येतो. चौकशी बोर्डाकडेच.

टाकी दर 3 वर्षांनी किमान एकदा उपसावी. सिंकमध्ये गार्बेज डिस्पोझल असेल तर दरवर्षी. फोडणीचं तेल आणि उरलेली आमटी सिंकमध्ये ओतणाऱ्या घरांनी दुसरा आकडाच धरावा.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी

याच बोर्डाकडे राज्याच्या निवास संहितेचा, म्हणजे राहत्या घरांच्या किमान निकषांचा, अंमल आहे. 2023 च्या एप्रिलपासून तिचं नवं रूप लागू झालं. ती सेप्टिकवरच्या घरालाही लागू आहे आणि शहरातल्या अपार्टमेंटलाही. 15 सप्टेंबर ते 31 मे या काळात घरात दिवसा 68 आणि रात्री 64 अंश फॅरेनहाइट तापमान राहील एवढी हीटिंग मालकाने द्यायची. घरात पहिल्या माणसासाठी 150 आणि पुढच्या प्रत्येकासाठी 100 चौरस फूट जागा हवी. चार जण एकत्र राहणार असाल, तर किमान 450.

हीटिंग बंद आहे, मैला वर येतोय, उंदीर झालेत आणि मालक दाद देत नाही, तर आधी त्याला लेखी कळवा, फोटो काढा, मग बोर्डाकडे तपासणीची मागणी करा. भाडेकराराची प्रत आणि मालकाशी झालेले ईमेल जवळ ठेवा. मागणी केल्यावर साधारण 5 दिवसांत तपासणी होते, जिवाला धोक्यासारखं असेल तर 24 तासांत. दोष सापडले की बोर्ड मालकाला लेखी आदेश देतं. गंभीर दोषांवर त्याने 24 तासांत प्रामाणिक प्रयत्न सुरू करायचे असतात. मालकाला आदेश मान्य नसेल, तर मिळाल्यापासून 7 दिवसांत सुनावणी मागता येते. बोर्डाने तपासणी करायला नकार दिला, तर तुम्हीही सुनावणी मागू शकता.

तक्रार केली म्हणून घर सोडायला लावतील, ही भीती नव्याने आलेल्यांना हमखास असते. तक्रारीनंतर 6 महिन्यांत मालकाने भाडं वाढवलं किंवा घर सोडायची नोटीस दिली, तर कायदा ते सूड म्हणूनच गृहीत धरतो आणि तसं नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकतो. म्हणून तक्रार फोनवर न करता ईमेलने करा. तारीख त्यावरच लागते.