काच अडली म्हणजे मोटर जळली?

कारची पॉवर विंडो (बटणाने वर-खाली होणारी काच) वारंवार अडू लागली की ‘मोटर गेली, बदलून टाका’ हे वाक्य ठरलेलं. हा समज अनेकदा चुकीचा ठरतो.

काच अडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू लागते? मग मोटर जळलेली नाही. जळलेली मोटर अशी परत जिवंत होत नाही. बऱ्याच मोटरींमध्ये कटआउट असतो. ताण पडून मोटर तापली की तो वीज तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. हा ताण बहुधा काचेच्या दोन्ही बाजूंच्या, धुळीने भरलेल्या कडक रबरी खाचांमुळे येतो. त्या ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. तेल-ग्रीस मात्र कृपा करून नको! त्याने रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते.

दार उघडं असताना काच चालते, बंद केलं की नाही, असं असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली असू शकते. ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण त्या दाराच्या बटणाने नाही, तर आधी विंडो लॉक (इतर दारांची बटणं बंद करणारं ड्रायव्हरकडचं बटण) पाहा, मग स्विच.

मोटर थंड असताना बटण दाबल्यावर तिच्या कनेक्टरवर (वायर जोडायच्या जागी) मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारा मीटर, सुमारे 12 व्होल्ट दाखवतो आणि तरीही मोटर गप्प राहते, तेव्हाच संशय मोटरवर घ्या.