विमा नसलेली मुलं आणि सरकारी आरोग्य कवच (पुणे)

घरच्यांचा मेडिक्लेम नाही, आईबापाच्या नोकरीला ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही, अशा मुलांचा हॉस्पिटलचा खर्च सरकारी योजनेतून भागवणं म्हणजे हे कवच. अमेरिकेत १९९७ पासून चिप नावाची खास मुलांसाठीची योजना आहे, आपल्याकडे मूल कुटुंबाच्या रेशनकार्डावर असतं, आणि पुण्यात गाडी अडते ती या कार्डापाशीच.

राज्यात सुरुवात जुलै २०१२ ची, राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून, आधी आठ जिल्हे घेतले त्यात पुणे नव्हतं, पुण्याचा नंबर लागला नोव्हेंबर २०१३ ला. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागे दीड लाख मिळायचे, मग जुलै २०२३ च्या जीआरने पांढरं कार्डवालेही आत घेतले आणि रक्कम पाच लाख केली. म्हणजे कागदावर आता जवळपास कुठलंच मूल बाहेर राहत नाही.

पण हॉस्पिटलात या योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी तासभर बसून बघा. मी बसलोय. वाघोलीच्या बांधकाम साइटवर काम करणारी एक बाई आली होती, कॅरीबॅगमध्ये घड्या पडून फाटायला आलेलं केशरी कार्ड, लातूरकडचं, त्यावर नवरा, सासू, मोठी मुलगी सगळे, आणि कडेवरचा तीन वर्षांचा पोरगा, ज्याच्या हृदयाला छिद्र, त्याचंच नाव नाही. नाव चढवायचं तर नमुना ८ भरा, तोही जिथलं कार्ड तिथल्या रेशन ऑफिसला, म्हणजे दोन-तीन दिवसांची हजेरी बुडाली. खरं तर लहान मुलाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा फोटो दिला तरी चालतं, ही सोय योजनेतच आहे, पण ती त्या बाईला आधी कुणीच सांगितली नव्हती आणि दाखला गावी पेटीत होता. माझ्या मते या कवचातली मुलं वाढवायची म्हणजे नवीन योजना काढायच्या नाहीत, जन्मदाखला हातात देतानाच रेशनकार्डावर नाव चढवून द्यायचं.

आजार शोधायचं काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, २०१३ ला पालघरहून सुरू झालेलं. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात, फाटलेला ओठ, वाकडा पाय, ऐकू न येणं हे तिथे सापडतं आणि १८ वर्षांपर्यंत पुढचा उपचार फुकट. जे मूल साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत वाढतं आणि अंगणवाडीतच जात नाही ते मात्र इथेही सुटतं, हे मला फार लागतं.

पुण्यात याशिवाय महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, ती बिलाचा अर्धा भार उचलते. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांना फुकट आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, तेही उत्पन्नाचा दाखला दाखवून मागायचे असतात, आपणहून कुणी देत नाही.

आणि या विम्यात मुख्यतः ॲडमिट झालेलं बसतं. पोरांचं रोजचं दुखणं म्हणजे ताप, जुलाब, छातीत कफ, ते ओपीडीचं, त्याला कार्ड चालत नाही. त्यासाठी वॉर्डातला मनपाचा दवाखाना, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, नाहीतर ससून, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा.